'ताई, आधी बंदूक हातात धरा' या प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवरचे, म्हणजे बाराचा आवाज कमी करणाऱ्या नळीवरचे, निर्बंध सैल करू नयेत, या माझ्या लेखाखाली टेक्सासच्या एका वाचकांनी लिहिलंय : "ताई, आधी बंदूक हातात धरा, मग लिहा. सायलेन्सर कानांसाठी असतो. २०० डॉलरचा कर ही लूटच होती. नॉर्वेत तर तो सर्रास मिळतो. उगाच भीती पसरवू नका."

ओळखदेख नसताना ताई म्हणायचं आणि त्याच दमात अक्कल काढायची, ही कुठली रीत? मी साताऱ्याला कॉलेजात एनसीसीत होते. पालथं पडून पॉइंट टू टू रायफलीने नेम धरलाय, उस्तादांची बोलणी खाल्लीत. इथे व्हर्जिनियात शेजाऱ्यांबरोबर रेंजवरही गेलेय. कानात बोळे, वर मफ, तरी शेजारच्या लेनमधला बार छातीत जाणवतो. तेव्हा तुमची अट मी केव्हाच पुरी केलीय.

आणि नसती केली तरी? कायद्यावर फक्त बंदूकवाल्यांनीच बोलायचं? ३१ मे २०१९ ला व्हर्जिनिया बीचच्या महापालिका इमारतीत बारा माणसं मारली गेली. मारेकऱ्याकडे सायलेन्सर लावलेलं पिस्तूल होतं. त्या बाराजणांनी कधी बंदूक धरली होती का, असं त्यांच्या घरच्यांना विचाराल? मी स्वतः सरकारी कचेरीत काम करते. हल्ल्याच्या वेळी काय करायचं याचा सराव आम्हाला करावा लागतो. आवाज कुठून येतोय हे कळलं तरच कुठल्या दाराने पळायचं ते ठरतं. तुम्ही याला भीती पसरवणं म्हणता. माझा तो कामाचा दिवस असतो.

कराचं तुमचं म्हणणं मान्य. सायलेन्सर घेताना भरायचे २०० डॉलर ही १९३४ ची रक्कम, आणि २०२६ च्या जानेवारीपासून ती शून्य झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कानांचंही खरं आहे. गोळीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, सायलेन्सर त्यातले वीस-तीस कमी करतो.

पण लेख नोंदणीवर होता, तो तुम्ही वाचलात का? हा कर आणि नोंदणी दोन्ही १९३४ च्या केंद्रीय शस्त्रकायद्यातली. २०२५ च्या अर्थसंकल्पी विधेयकात प्रतिनिधिगृहाने सायलेन्सर त्या कायद्यातूनच वगळला होता. म्हणजे बोटांचे ठसे, फोटो, एटीएफ या केंद्रीय शस्त्र-खात्याकडची नोंद, सगळंच गेलं असतं. अर्थसंकल्पी विधेयकात हे बसत नाही, असं सेनेटच्या नियमतज्ज्ञ एलिझाबेथ मॅकडोनो यांनी सांगितलं, म्हणून नोंद वाचली. सायलेन्सर त्या कायद्यातून काढू पाहणारं 'हिअरिंग प्रोटेक्शन अ‍ॅक्ट' हे विधेयक मात्र वर्षानुवर्षं परत परत मांडलं जातंय. नोंद ठेवल्याने कुणाचे कान जातात, ते एकदा सांगा.

राहिलं नॉर्वे. तिथे मुळात रायफलीलाच पोलिसांचा परवाना लागतो, हे सोयीने गाळलंत. तुमच्या टेक्सासात लागतो का?

पुढची प्रतिक्रिया नोंदणीवर लिहा, माझ्यावर नको. माझ्यावरच लिहायचं असेल तर ती इथे दिसणार नाही.