अजगर माप घेत नाही

फॉरवर्ड होत आलेली ही गोष्ट तुम्हीही वाचली असेल. एका बाईने मोठा अजगर पाळलेला असतो. तो रोज तिच्या शेजारी झोपतो. एके दिवशी तो खाणं सोडतो आणि रात्री तिच्या अंगालगत सरळ, लांबच लांब पसरू लागतो. काळजीपोटी ती त्याला डॉक्टरकडे नेते. डॉक्टर म्हणतात, "तो तुमचं माप घेतोय. तुम्हाला गिळायचं म्हणून पोट रिकामं ठेवतोय." शेवटी अस्तनीतल्या निखाऱ्यांपासून सावध राहण्याचा उपदेश.

उपदेशाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण अजगराबद्दल यात जे सांगितलंय ते चूक आहे, आणि ही चूक निरुपद्रवी नाही. हे खरं मानणारा मालक आजारी जनावरात खुनी हेतू शोधत बसतो आणि जिथे खरा धोका आहे तिकडे त्याचं लक्षच जात नाही.

आधी "माप घेतोय" हे पाहू. अजगर दबा धरून शिकार करतो. बहुतेक अजगरांच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, जीभ वास गोळा करते, आणि भक्ष्य टप्प्यात आलं की क्षणात झडप आणि विळखा. त्याआधी कित्येक रात्री शेजारी पडून अंदाज घेणं ही त्याची रीतच नाही. शिवाय मापायचंच झालं तर लांबी मापून उपयोग काय? गिळताना तो जिभेने चाचपत भक्ष्याचं डोकं शोधतो आणि तिथून सुरुवात करतो, म्हणजे पाय मागे दुमडत जातात. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे हाडाने जोडलेले नसतात, मधली कातडी प्रचंड ताणते, म्हणून तोंड एवढं उघडतं. अडतं ते भक्ष्याच्या जाडीवर. माणसाच्या बाबतीत खांद्यांच्या रुंदीवर. लांब भक्ष्य पोटात दुमडून मावतं.

आणि अजगर इतका हिशेबी असता तर त्याचा अंदाज चुकला नसता. २००५ मध्ये फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समध्ये एक बर्मीज अजगर फाटलेल्या अवस्थेत मेलेला सापडला. त्याच्या पोटातून सुसरीच्या जातीतला अ‍ॅलिगेटर बाहेर आला होता. पेलणार नाही असं भक्ष्य धरणं आणि नंतर ते ओकून टाकणं सापांमध्ये घडतं.

"पोट रिकामं ठेवतोय" हा मुद्दा तर शरीरशास्त्राच्या थेट उलट आहे. बर्मीज अजगरावर यासंबंधी भरपूर अभ्यास झालाय. उपास लांबला की त्याचं आतडं आक्रसतं, पचनाची यंत्रणा जवळजवळ बंद होते. भक्ष्य पोटात गेल्यावर ती पुन्हा उभी राहते: चयापचय कित्येक पटींनी वाढतो, दोन-तीन दिवसांत हृदयसुद्धा सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे उपासाने जागा तयार होत नाही.

मग तो खात का नाही? या प्रश्नाला वेळ द्यायला हवा, कारण मोठा अजगर सांभाळणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात, तेव्हा बरेच अजगर तोंड फिरवतात. विणीच्या हंगामात नर आठवडेच्या आठवडे, कधी काही महिने खात नाहीत. गाभण मादीही खात नाही. ठेवलेली पेटी थंड असेल तर पचणार नाही म्हणून खात नाहीत. नवी जागा, सततची हाताळणी, लपायला आडोसा नसणं यानेही भूक मरते. धष्टपुष्ट प्रौढ अजगराला यातलं बरंचसं सोसतं. पण उपासासोबत वजन उतरत असेल, तो तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, श्वासाला घरघर असेल, तोंडात चिकट फेस दिसत असेल, तर ते श्वसनमार्गाच्या संसर्गाचं लक्षण असू शकतं आणि थांबून चालत नाही. तोंडाचे आजार आणि पोटातले परजीवी हीदेखील नेहमीची कारणं.

अंगाशी येऊन झोपण्याचं कारण साधं आहे. साप स्वतःची ऊब पुरेशी तयार करत नाही, बाहेरून घेतो, आणि अंथरुणातला माणूस उबदार असतो. अजगर ऊब शोधत माणसाच्या अंथरुणात येत असेल तर आधी त्याच्या पेटीतलं तापमान मोजा. उबदार बाजू साधारण ३१-३२ अंश सेल्सिअस, दुसरी बाजू त्याहून पाच-सहा अंशांनी थंड, आणि हीटरला थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारं उपकरण) लावलेलाच हवा, नाहीतर त्याचं पोट भाजतं.

गोष्ट खोटी म्हणून अजगर निरुपद्रवी ठरत नाही, आणि एवढ्या मोठ्या अजगराला अंथरुणात घेणं मला बेजबाबदारपणाच वाटतं. मेडुसा नावाची रेटिक्युलेटेड जातीची पाळीव अजगर मादी २०११ मध्ये ७.६७ मीटर लांब आणि १५८.८ किलो वजनाची भरली होती. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर २०१७ मध्ये सुमारे ७ मीटरच्या जंगली अजगराने एका तरुणाला गिळलं. २०१३ मध्ये कॅनडातल्या कॅम्पबेल्टनमध्ये पेटीतून निसटलेल्या आफ्रिकन रॉक अजगराने झोपलेल्या दोन लहान मुलांचा जीव घेतला. तिथे कुणाचं माप घेतलं गेलं नव्हतं. पेटी नीट बंद नव्हती.

घरातला धोका मुख्यतः दोन ठिकाणी असतो: कुलूप आणि जेवणाची वेळ. उंदराचा किंवा सशाचा वास हाताला असताना पेटीत हात घातला तर तो हात त्याच्या लेखी भक्ष्यच. म्हणून भक्ष्य मारलेलं, गोठवून वितळवलेलं आणि लांब चिमट्याने द्यायचं, हात धुऊनच हाताळायचं. अडीच मीटरच्या वरचा अजगर एकट्याने बाहेर काढायचा नाही. विळखा बसलाच तर सोबतच्याने शेपटाकडून उलगडायला घ्यायचं, तिथे ताकद सर्वांत कमी असते.

राहिला त्या गोष्टीतला डॉक्टर. सापांचा जाणकार डॉक्टर अजगर न तपासता त्याचा हेतू सांगणार नाही. तो वजन करेल, तोंड उघडून पाहील, श्वास ऐकेल, विष्ठा तपासायला मागेल, आणि पेटीचं तापमान, आर्द्रता, शेवटचं खाणं आणि शेवटची कात यांच्या तारखा विचारेल. त्याच्याकडे जाताना या सगळ्याची नोंदवही सोबत न्या.