थेंब पडायची वाट बघू नका

एप्रिल-मेमध्ये 'थेंब पडायला लागले की निघू' हे वाक्य गडावरही ऐकू येतं आणि रानातही. वळवाच्या बाबतीत याच्याइतकं फसवं माप दुसरं नाही. वीज पावसाच्या सरीपासून दहा-दहा किलोमीटर लांबही पडते. तिथे तेव्हा चक्क ऊन असू शकतं.

आभाळाकडे बघायचं ते सकाळी अकरापासून. घाटमाथ्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग उभे चढायला लागले, उकाडा वाढला, की दुपारचं काही खरं नाही. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरला म्हणजे तो तयार झाला. मग एकदम गार वारा सुटतो आणि लोक म्हणतात, 'वा, काय मस्त हवा आहे!' ती हवा ढगातून खाली आदळून जमिनीवर पसरलेली असते. पाऊस आणि वीज तिच्या पाठोपाठच असतात. त्या वाऱ्याला हलकं समजू नका. 13 मे 2024 ला घाटकोपरला 120 बाय 120 फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून 17 माणसं गेली, ती अशाच वळवाच्या वादळात.

मे महिन्यातले 'सनसेट ट्रेक' तर बंदच करावेत, असं माझं मत आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सगळे पश्चिमेकडे तोंड करून बसतात आणि वळीव बऱ्याचदा पाठीमागून, पूर्वेकडून चढतो. कळसूबाईला 1646 मीटरवर माथा उघडा आणि उतरायची वाट लोखंडी शिड्या-रेलिंगची. गडगडाट सुरू झाल्यावर त्या शिड्यांवर रांग लावण्याइतकं वाईट काही नाही. पहाटे पाचला चढायला लागा, बाराच्या आत खाली या. सांदण दरीच्या अरुंद घळीत तर डोक्यावर थेंब नसतानाही वरच्या अंगाला पडलेलं पाणी आत घुसू शकतं आणि बाजूला सरायला जागा नसते.

वर अडकलातच तर धार, सोंड, एकटं झाड सोडा आणि खोलगट जागी उतरा. उथळ कपारीत शिरू नका. कातळावरून वाहत आलेली वीज कपारीच्या तोंडाशी छतावरून खाली उडी मारते, आणि मध्ये तुम्ही असता. एकमेकांत पंधरा-वीस मीटर अंतर ठेवा, म्हणजे एकाला लागलं तर बाकीचे मदतीला उरतात. अगदीच काही नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा. आडवं पडू नका. बहुतेकांना वीज थेट लागतच नाही, ती जमिनीतून पसरते. दोन पायांत जितकं अंतर, तितका धोका जास्त. झाडाखाली बांधलेली जनावरं म्हणूनच जातात. पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फूट अंतर असतं आणि मध्ये काळीज.

रानात माणसं जातात ती बहुधा कांदा झाकायला धावताना किंवा गुरं सोडवताना. ताडपत्री दुपारी बारालाच ढिगावर टाकून दोरानं आवळून ठेवा. गुरं झाडाला नको, गोठ्यात न्या. पत्र्याचं उघडं शेड, छत नसलेला ट्रॅक्टर, तारेचं कुंपण यांचा काही उपयोग नाही. पक्कं घर किंवा पत्र्याच्या टपाची, काचा बंद केलेली जीप चालते. मोबाईल वीज ओढतो ही मात्र अफवा आहे. उलट त्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप टाका, ते आसपास पडणाऱ्या विजांचा इशारा देतं.

मोजायचं सोपं आहे. चमक आणि आवाज यांत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. इथेच घात होतो. पाऊस ओसरला की दहाव्या मिनिटाला लोक बांधावर असतात.

वीज लागलेल्या माणसात करंट उरत नाही, बिनधास्त हात लावा. अनेक जण पडले असतील तर ओरडणाऱ्याला थांबू दे, आधी निपचित पडलेल्याकडे जा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब द्या. दर 30 दाबांनंतर तोंडानं दोन श्वास द्या. 108 ला दुसऱ्या कोणाला तरी फोन लावू द्या, तुमचे हात थांबवू नका.