गुळवेलीचा काढा आणि ताईची किडनी

पावसाळा लागला की ताईच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. ‘किडनी बदललेल्यांनी, केमो चालू असलेल्यांनी फ्लूची लस घेऊ नये, त्यात जिवंत विषाणू असतो. रोज गुळवेलीचा काढा प्या, इम्युनिटी वाढवा. ताप नसेल तर साधी सर्दी समजा.’ ताईला किडनी बसवून सहा वर्षं झाली. तिच्या गोळ्यांचा डबा दर रविवारी मी भरते, म्हणून हे लिहितेय.

आधी काढा, कारण खरा घात तिथे आहे. ताई सकाळी आठला आणि रात्री आठला टॅक्रोलिमस घेते, घड्याळ बघून. शिवाय मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड. या गोळ्या प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात, नाहीतर शरीर नव्या किडनीला परकी समजून तिच्यावरच उठेल. म्हणजे इम्युनिटी वाढवणारा काढा लागू पडला नाही तर फुकट गेला, आणि पडला तर किडनीच्या मुळावर! त्यातून गुळवेलच. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये मांडलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. पण पुढे देशभरातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. (आलं-तुळशीचा चहा आमच्याकडेही होतो. भांडण त्याच्याशी नाही.)

लसीचं म्हणाल तर दंडात टोचतात त्या फ्लूच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते, फ्लू होत नाही. नाकात फवारायची लस मात्र जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची असते आणि ती अशा रुग्णांना देत नाहीत. मेसेजवाल्याने फवाऱ्याचा नियम सुईला लावला. दबलेल्या शरीरात लस कमी चढते हेही खरं, म्हणून आम्ही घरातले सगळेच दरवर्षी टोचून घेतो. भाऊजी पहिल्या वर्षी बरेच कुरकुरले.

आता ‘ताप नाही’. स्टिरॉइडमुळे ताप झाकला जातो. गेल्या वर्षी ताईला नुसता कोरडा खोकला होता, थर्मामीटर ९८ च्या पुढे जाईना. बसल्या जागी ऑक्सिजन ९६. गॅलरीत दहा फेऱ्या मारायला लावल्या तर ८९, आणि बोलताना वाक्य तुटायला लागलं. त्याच रात्री दाखल केलं. न्यूमोसिस्टिस निघाला, म्हणजे बुरशीचा न्यूमोनिया. निरोगी माणसाला तो सहसा होत नाही, आणि सुरुवातीला एक्स-रेसुद्धा स्वच्छ दिसू शकतो.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट म्हणजे धूळ. तोडफोडीच्या धुळीतून अॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू उडतात. तुम्हाआम्हाला कळतही नाही. ताईसारख्यांच्या फुप्फुसात मात्र ते रुजू शकतात. वरच्या फ्लॅटमध्ये फरशा फोडायला घेतल्या तेव्हा ताईला मी आठ दिवस माझ्याकडे आणून ठेवलं. फरशांची सूचना ग्रुपवर आली होती, लिफ्ट बंद राहील एवढीच.