वजन परत वाढलं म्हणजे जिभेवर ताबा नाही?

घरच्या, सोसायटीच्या, शाळेच्या जुन्या बॅचच्या अशा सगळ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सांगणं तेच. वजन उतरवणं अवघड, टिकवणं सोपं. २१ दिवसांत नव्या खाण्याची सवय लागते. ९० दिवसांत शरीर नव्या वजनाला ‘सेट’ होतं. त्यानंतरही ज्याचं वजन परत वाढतं त्याचा जिभेवर ताबा नाही. आणि अशा माणसाने डाएटच्या भानगडीत पडूच नये, कारण वजन खाली-वर झाल्याने शरीराची नासाडीच होते.

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण हा मजकूर ज्यांच्यापर्यंत पोचतो त्यांत मुलीच्या लग्नाआधी बारा किलो उतरवलेली आणि दोन वर्षांत त्यातले नऊ परत आलेली एखादी काकू असते. पुढच्या लग्नात हॉलच्या दारातच तिला कुणीतरी विचारलेलं असतं, ‘काय गं, परत जशीच्या तशी?’ वजनकाटा तिने पलंगाखाली सरकवलाय. डॉक्टरांकडे जायचं ती टाळते, कारण तिथेही हेच ऐकावं लागेल अशी तिची खात्री आहे. शुगर मात्र तिच्यासाठी थांबत नाही. म्हणून या मजकुरातलं एकेक विधान तपासून बघायला हवं.

‘उतरवणं अवघड, टिकवणं सोपं’

हे जवळजवळ उलटं आहे. अमेरिकेतल्या २९ दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्रित आढावा २००१ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी त्यांतल्या वजन उतरवलेल्या माणसांचं वजन मूळ वजनापेक्षा सरासरी ३ किलोनेच कमी होतं. सुरुवातीला जेवढं उतरलं होतं त्याचा हा पाव हिस्साही नाही. वेगवेगळ्या वयांच्या, वेगवेगळ्या घरांतल्या माणसांच्या बाबतीत एकच गोष्ट घडत असेल, तर तिचं कारण स्वभावात शोधण्याआधी शरीरात शोधायला हवं.

ते शोधलं गेलंय, आणि बरंच आधी. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग सुरू केला. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा खायला कसं घालायचं, हे त्याला समजून घ्यायचं होतं. हे तरुण तत्त्व म्हणून युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले होते आणि या प्रयोगासाठी आपणहून पुढे आले होते. निग्रहात कमी पडणारी ही माणसं नव्हेत. २४ आठवड्यांत त्यांचं वजन साधारण पाव हिश्शाने घटलं. पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. पुन्हा पोटभर जेवायला मिळू लागल्यावरही त्यांची भूक भागेना. ताट संपलं तरी आणखी हवं असायचं. स्नायू पूर्वीसारखे भरून येण्याआधीच अंगावरची चरबी पूर्वीपेक्षा जास्त झाली. त्यांची जीभ काही बिघडली नव्हती. उपासमार झाली हे शरीराने नोंदवून ठेवलं होतं आणि ते भरपाई करत होतं.

आपण डाएट म्हणतो, शरीराला ते टंचाईसारखंच कळतं. लग्नाला चार महिने उरलेत म्हणून आपण कमी खातोय, हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) रक्तात जातं आणि साठा पुरेसा आहे असं मेंदूला कळवतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं, मेंदू भूक वाढवतो आणि खर्चाला कात्री लावतो. १९९५ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी हा खर्च मोजला. शरीर हलकं झालं की त्याला ऊर्जा कमी लागणार, हे उघड आहे. पण दहा टक्के वजन उतरलेल्या माणसांचा खर्च त्या हिशेबापेक्षाही खाली गेला होता. त्यातली काही माणसं मुळात लठ्ठ नव्हतीच, त्यांच्या बाबतीतही असंच झालं.

आता हे स्वयंपाकघरात आणून बघू. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेला अंदाज असा: उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २०–३० कॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र दर किलोमागे रोज १०० कॅलरींच्या आसपास वाढते. चार किलो उतरवले असं धरा. खर्च साधारण १०० कॅलरींनी कमी झाला, म्हणजे एक पोळी आता जास्तीची ठरते. आणि भूक वाढली ४०० ची, म्हणजे चार पोळ्यांची. एक पोळी सोडायची आणि चार पोळ्यांची जादा भूक मारायची, तीही रोज, पुढची कित्येक वर्षं. काट्यावरचा आकडा खाली सरकत असतो तेव्हा हुरूप असतो, ऑफिसात लोक कौतुक करतात. टिकवण्याच्या काळात काटा हलत नाही, कौतुक बंद होतं आणि भूक तेवढी शिल्लक राहते. या काळाला सोपं म्हणणाऱ्याने तो जवळून पाहिलेला नाही.

‘९० दिवसांत शरीर सेट होतं’

मेलबर्नमध्ये ५० जणांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. दहा आठवडे अगदी कमी कॅलरींच्या आहारावर ठेवून त्यांचं वजन सरासरी १३.५ किलो उतरवलं आणि भुकेची संप्रेरकं मोजली. भूक लावणारं घ्रेलिन वाढलं होतं; लेप्टिन आणि पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं घटली होती. पुन्हा वर्षभराने मोजलं. बदल तसेच होते, माणसं भूकही पूर्वीपेक्षा जास्त सांगत होती. नव्वद दिवस सोडाच, वर्ष उलटलं तरी शरीर नव्या वजनाला आपलं मानायला तयार नव्हतं.

अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची एक स्पर्धा चालायची. तिच्यातल्या १४ स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा गाठलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरलेले, त्यातले ४१ परत आलेले. आणि आराम करताना शरीर जेवढ्या कॅलरी जाळेल असा हिशेब होता, त्यापेक्षा रोज ५०० च्या आसपास कमी जळत होत्या. सहा वर्षांनंतर! हे टोकाचं उदाहरण आहे हे मान्य, रोज कित्येक तास व्यायाम करून कुणी सामान्य माणूस वजन उतरवत नाही. पण तीन महिन्यांच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं.

आणखी एक. वजन उतरलं म्हणजे चरबीच्या पेशी नाहीशा होत नाहीत, त्या रिकाम्या होतात. मोठ्या माणसात त्यांची संख्या जवळपास तेवढीच राहते, हे २००८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. २०२४ मध्ये झुरिकच्या गटाला असं आढळलं की वजन उतरल्यावरही या पेशींच्या जनुकांभोवती लठ्ठपणाच्या काळातल्या खुणा राहतात. उंदरांमध्ये अशा पेशी चरबी पुन्हा पटकन साठवत होत्या.

‘२१ दिवसांत सवय लागते’

याच्यावर फार वेळ घालवायला नको. २१ चा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून आला. नव्या चेहऱ्याची ओळख व्हायला रुग्णांना किमान तीन आठवडे लागतात, असं त्याने १९६० साली लिहिलं होतं. पुढे ‘किमान’ गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. लंडनमध्ये ९६ जणांवर प्रत्यक्ष अभ्यास झाला तेव्हा सवय अंगवळणी पडायला निम्म्या लोकांना ६६ पेक्षा जास्त दिवस लागतील असा हिशेब निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. शिवाय सवय लागली म्हणून भूक जात नाही. सकाळी चालायला जाणं अंगवळणी पडेल, पण संध्याकाळी सहाला पोटात पडणारा खड्डा तसाच राहतो.

‘जिभेवर ताबा नाही’

मला सगळ्यात जास्त लागतं ते हे वाक्य, कारण ते बोलणाऱ्याला काही मोजावं लागत नाही आणि ऐकणारा मात्र आयुष्यभर ते मनात धरून बसतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर नव्या औषधांनी दिलंय. सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन हे आतड्यातल्या एका संप्रेरकाची नक्कल करतं आणि भूक शमवतं. एका मोठ्या चाचणीत ६८ आठवडे ते घेतलेल्या माणसांतल्या एका गटाकडे औषध बंद केल्यावरही लक्ष ठेवलं गेलं. औषध चालू असताना त्यांचं सरासरी १७ टक्के वजन उतरलं होतं. बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. औषध होतं तोवर ही माणसं संयमी आणि थांबलं त्या आठवड्यापासून हावरट झाली, असं कसं म्हणता येईल? माणसं तीच होती, बदलली होती ती भूक. बीपीची गोळी सोडल्यावर बीपी वाढलं तर आपण कुणाच्या चारित्र्याला बोल लावत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र लावतो.

आणि घराचं काय? ज्या बाईच्या हातात स्वयंपाक आहे तिला भूक लागण्याआधी वास येतो. आमटी चाखून बघायची तिनेच. मुलाने ताटात टाकलेली अर्धी पोळी आणि पातेल्यात उरलेला घासभर भात ‘टाकवत नाही’ म्हणून तिच्याच पोटात जातो, आणि तो तिच्या डाएटच्या वहीत लिहिला जात नाही. उपासाच्या दिवशी सगळ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, बटाटा. हे सगळं साध्या वरणभातापेक्षा कॅलरींना जडच. तिच्यासाठी वेगळी भाजी करायची म्हटली तर करणार तीच. सासरी-माहेरी आग्रह मोडला तर मान उतरते. अशा घरात तिचं वजन टिकलं नाही तर निग्रहाचा मुद्दा काढण्याआधी घरातल्या बाकीच्यांनी आपल्या ताटांकडे बघावं.

‘अशाने डाएटच्या भानगडीत पडूच नये’

इथे मजकूर नुसता चुकत नाही, घातक होतो. ‘९५ टक्के लोक हरतात’ असा आकडा त्याच्या सोबतीला नेहमी येतो. त्याचं मूळ बहुतेक वेळा १९५९ सालच्या न्यूयॉर्कमधल्या एका लेखात दाखवलं जातं. एका रुग्णालयातल्या १०० रुग्णांना आहाराचा तक्ता देऊन घरी पाठवलं गेलं होतं. पुढे विशेष पाठपुरावा नाही. त्यावरून आजच्या प्रत्येकाचं भविष्य सांगता येत नाही.

जिथे पाठपुरावा सोडला नाही तिथलं चित्र बघा. अमेरिकेत मधुमेह असलेल्या ५१४५ जणांवर एक लांबलचक चाचणी झाली. ज्या गटाशी वर्षानुवर्षं संपर्क ठेवला गेला, त्यातल्या निम्म्या लोकांचं वजन आठ वर्षांनीही मूळ वजनाच्या किमान ५ टक्के खाली होतं. बरंचसं परत आलं, सगळं नाही.

आणि परत आलेल्याचंही ऐका. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत आहार आणि व्यायामाने मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे तीन वर्षांत ५८ टक्क्यांनी घटलं. पुढे त्या लोकांचं वजन बरंचसं परत वाढलं, तरी दहा वर्षांच्या हिशेबात प्रमाण ३४ टक्क्यांनी कमीच होतं. आपल्याकडचा दाखला त्याहून बोलका आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ जणांचा तीन वर्षं अभ्यास केला आणि २००६ मध्ये निकाल छापले. नुसता आहार आणि चालणं सांगितलेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि त्यांचं वजन तर फारसं उतरलंच नव्हतं. काटा हलला नाही म्हणून चालणं वाया गेलं, असं कुणी म्हणालं तर त्याला हा अभ्यास दाखवावा.

आपल्या माणसांना काट्यावर सगळं सोडून चालतही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३; शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून काट्याबरोबर कमरेवर टेप लावायला हवी. वजन झपाट्याने उतरवताना स्नायूही जातात, आणि परत येते ती बहुतांश चरबी. वजन खाली-वर होण्यातला खरा तोटा हा आहे. त्यावर उपाय आहे: हळू उतरवणं, आठवड्यातून दोन-तीनदा जोर, बैठका किंवा वजनं उचलणं, आणि ताटात उसळ, पिठलं, दही, अंडं, मासळी यांचा वाटा वाढवणं.

टिकवून दाखवलेली माणसंही आहेत. अमेरिकेत १९९४ पासून अशांची एक नोंदवही ठेवली जाते, त्यात दहा हजारांहून जास्त लोक आहेत. बहुतेक जण दिवसाला तासभर चालतात किंवा तेवढा व्यायाम करतात, आणि चारातले तीन जण आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. ही यशस्वी झालेल्यांचीच यादी आहे, त्यामुळे तेवढं केलं की जमेलच असं तिच्यावरून सिद्ध होत नाही. पण आठवड्याच्या वजनाचा उपयोग मला पटतो, कारण त्यामुळे वाढ दोन किलोंवर असताना कळते.

तीन महिन्यांच्या पॅकेजचे पैसे भरणार असाल तर आधी विचारा: चौथ्या महिन्यापासून कोण बघणार, किती वेळा भेटणार, भूक वाढली तर काय करणार? उत्तर नसेल तर पैसे तिथे घालू नका. आणि ज्यांचं वजन परत वाढू लागलंय त्यांनी दहा किलो होईपर्यंत लपून राहू नये. दोन-तीन किलो वाढलेलं दिसताच डॉक्टरांकडे जा. थायरॉइड बघून घ्या. स्टिरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारावरच्या काही गोळ्या यांनीही वजन वाढतं, म्हणून चालू औषधांची यादी सोबत न्या, पण मनाने एकही गोळी बंद करू नका. शुगर, बीपी आणि कमरेचा घेर मोजून घ्या. समोरचा डॉक्टर तपासण्याआधीच जिभेवर घसरला तर दुसरा डॉक्टर गाठा.