वाचनालयाचे अनुदान आणि ग्रंथपालाचा पगार

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे आणि चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम झाला १९६७ साली, म्हणजे कायदा येण्याच्या शंभरहून अधिक वर्षे आधी कोकणाने वर्गणी काढून वाचनालये उभी केली होती. त्यामुळे अनुदानाविषयी बोलताना आम्ही शासनापुढे हात पसरतो आहोत, असे कोणी समजू नये.

माझा आक्षेप अनुदानाच्या रकमेपेक्षा त्याच्या रचनेवर आहे. मान्य खर्चाच्या ९० टक्के रक्कम, तीही वर्गानुसार ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, शासन देते आणि उरलेली संस्थेने उभी करायची असते. त्यातही निम्मे अनुदान वेतनावर आणि निम्मे वेतनेतर बाबींवर खर्च करायचे. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ जाहीर झाली तेव्हा ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गातील वाचनालयाचे अनुदान वर्षाला ३०,००० वरून ४८,००० रुपये झाले. त्यातला वेतनाचा निम्मा भाग बारा महिन्यांत वाटला, तर ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला २,००० रुपये येतात. हप्ता लांबला की तेही लांबतात.

या पैशांत आमच्या किनारपट्टीवरच्या वाचनालयात नेमके काय काम होते, ते सांगितले पाहिजे. देवघेव आणि दाखल नोंदवही सगळीकडेच असते, पण इथे जूनपासून पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी धरते. आमच्या ग्रंथपाल बाई प्रत्येक पुस्तक कोरड्या फडक्याने पुसतात, पाने पंख्याखाली सुटी करतात, कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढून मागे वाळवी लागली आहे का ते पाहतात. श्रावणात ऊन पडले की दमट पुस्तके पडवीत मांडली जातात आणि सर आली की धावत आत घेतली जातात. तपासणीच्या वेळी पुस्तकांची, नियतकालिकांची आणि सभासदांची संख्या पाहतात. पुस्तके वाचवण्याच्या या कष्टांसाठी मात्र त्या तपासणीत एकही रकाना नाही. चिपळूणच्या वाचनालयाने तर २२ जुलै २०२१ चा महापूर सोसला.

काही वाचनालये केवळ कागदावर होती, हे मी नाकारत नाही. शासनाने २०१२ मध्ये केलेल्या वाचनालयांच्या पडताळणीची गरज होतीच. पण त्यानंतर नवी मान्यता आणि दर्जावाढ वर्षानुवर्षे रोखून धरल्यामुळे खोट्या संस्थांबरोबर खऱ्याही भरडल्या गेल्या. ‘ड’ वर्गातील चांगले वाचनालय पुस्तके वाढवूनही ‘ड’ मध्येच राहिले.

गणपतीला आलेले चाकरमानी आम्हाला कपाट देतात, आईवडिलांच्या नावे पुस्तके देतात, आणि ते आम्ही आनंदाने घेतो. पण देणगीदाराला नाव कोरायला कपाट लागते. ग्रंथपालाच्या पगारावर कोणाचे नाव कोरता येत नाही, म्हणून त्यासाठी सहसा कोणी पैसे देत नाही. (ही तक्रार नव्हे, माणसाचा स्वभावच तसा आहे.) नेमका हाच खर्च शासनाने पूर्णपणे उचलला पाहिजे. वेतन अनुदानातून वेगळे काढावे, त्याला किमान वेतनाचा आधार असावा आणि ते दरमहा थेट ग्रंथपालाच्या खात्यात जमा व्हावे. पुस्तके, कपाटे आणि इमारतीची दुरुस्ती यांची जबाबदारी गावाने घ्यावी. ती घेण्याची सवय कोकणाला आहे. पुढच्या महिन्याच्या कार्यकारिणीत मी याच आशयाचा ठराव मांडणार असून, त्याची प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे आणि आमच्या आमदारांकडे पाठवावी अशी सूचना करणार आहे.