सिगारेट फक्त छातीलाच लागते असं कोणी सांगितलं?

मोठेबाबांना आठवड्यातून 3 दिवस डायलिसिसला नेतो (किडनी बंद पडली की मशीनने रक्त गाळतात ते), सोमवार बुधवार शुक्रवार, एका वेळेला 4 तास. दीड वर्ष झालं. तिथं बसून बसून एक गोष्ट डोक्यात पक्की झाली ती आज लिहून टाकतो, लांब होईल पण वाचा.

तिथं कोणालाही विचारा आधी काय होतं, तर शुगर नाहीतर बीपी. बरोबरच आहे, किडनी जाण्याची मोठी कारणं तीच. पण बिडी सिगारेट होती का विचारलं की म्हणतात होती ना, पण तिचा किडनीशी काय संबंध? मोठेबाबाही हेच म्हणायचे. 30 वर्षं रोज एक पाकीट, वर्षातून एकदा छातीचा एक्सरे, तो क्लिअर आला की खुश होऊन पानठेल्यावर सगळ्यांना सांगायचे. लघवी एकदाही तपासली नाही.

संबंध सरळ आहे भाऊ. किडनी म्हणजे रक्ताच्या बारीक नळ्यांचे गुच्छे, एकेका किडनीत 10 लाखाच्या आसपास गाळण्या. सिगारेट ओढली की नळ्या आवळतात, बीपी वर जातो, आणि शुगरवाल्याच्या नळ्या आधीच खराब होत आलेल्या असतात त्यावर दिवसातून 20 वेळा हा मार. मग प्रोटीन लघवीतून जायला लागते, फेस येतो, माणूस म्हणतो उन्हाळा आहे पाणी कमी पडलं असेल. दुखत तर काहीच नाही. क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनीसाठी रक्त तपासतात त्या टेस्टवर, भरवसा ठेवू नका, जवळपास अर्धं काम बंद पडलं तरी तो रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

आणि खर्रावाल्यांनो, म्हणजे पन्नीत घासून तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांनो, धूर नाही म्हणून सुटले असं समजू नका, निकोटिन तेच आहे, बीपी तसाच चढते. तर्री पोहे खाऊन पन्नी घासत उभी असलेली पोरं 20-22 वर्षांची असतात, बीपी आजवर कोणी मोजलेला नाही, दिवसभर उन्हात गाडीवर, पाणी नाही, संध्याकाळी अंग दुखलं की मेडिकलमधून पेनकिलर. अंगात पाणी कमी असताना पेनकिलर किडनीला फार वाईट, हे काहून कोणी सांगत नाही?

मे महिन्यात 45 च्या वर पारा आणि मोठेबाबांना दिवसाला 1 लिटरच पाणी, कारण जास्तीचं पाणी आता किडनी बाहेर काढत नाही, त्यातच चहा, त्यातच वरण. मोठी आई सकाळी बाटली भरून ठेवते. ते 2 घोट घेतात, किती उरलं ते उजेडात धरून बघतात अन बाटली स्वतःच दूर सरकवतात. नागपुरात राहून संत्रं बंद, कारण पोटॅशियम वाढते. पाहवत नाही हो.

पाकिटावर कॅन्सरचं चित्र असते, त्यामुळे लोकांना वाटते धोका तेवढाच. माझं स्पष्ट मत आहे, गल्लीतल्या प्रत्येक शिबिरात शुगर बीपीसोबत लघवीतला अल्ब्युमिन, म्हणजे वर सांगितलं तेच प्रोटीन, तपासलाच पाहिजे, लहानशी टेस्ट आहे. सिगारेट सोडली म्हणून गेलेली किडनी परत येत नाही, पण उरलेली जास्त टिकते, आणि मोठेबाबांना हे 10 वर्षं आधी कोणी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, मी त्यांना ओळखतो.

धाकट्या भावाला शुगर निघाली आहे, सिगारेट चालूच. शनिवारी सकाळी त्याला लॅबमध्ये मीच घेऊन जाणार. कोणाला सोबत यायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, गाडीत 2 जागा आहेत.