कॅमेऱ्याचा दाखला इथे लागू पडत नाही

‘१८३९मध्ये कॅमेरा आला तेव्हाही चित्रकार घाबरले होते. चित्रकला मेली का? एआयसुद्धा विद्यार्थ्यासारखंच चित्रं बघून शिकतं. आता कुणालाही चित्रकार होता येईल. खऱ्या कलाकाराला भीती कसली?’ हा मजकूर गेले काही महिने आमच्या चित्रकारांच्या ग्रुपवर फिरतोय. पुढे पाठवणाऱ्यांत माझे जवळचे मित्रही आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देते.

आधी कॅमेरा. तेव्हा घाबरलेले लोक मूर्ख नव्हते. हस्तिदंतावर छोटी व्यक्तिचित्रं रंगवून पोट भरणाऱ्या युरोपातल्या चित्रकारांचा धंदा काही दशकांत बसला. आपल्याकडे कितीतरी चित्रकार स्टुडिओत बसून फोटोंवर हाताने रंग भरू लागले. चित्रकला जगली, पण त्या माणसांची कामं गेली. तरीही दाखला चुकतो तो दुसऱ्याच ठिकाणी. फोटो काढायला समोर माणूस आणि उजेड असला की पुरत होतं, कुणाची चित्रं कॅमेऱ्याच्या पोटात घालावी लागत नव्हती. एआयला ती लागतातच. लायन-५बी नावाच्या संचात इंटरनेटवरच्या ५८५ कोटी चित्रांचे आणि फोटोंचे दुवे होते, सोबतच्या मजकुरासकट. शब्दांत सांगितलं की चित्र तयार करून देणारं, २०२२मध्ये आलेलं स्टेबल डिफ्यूजन याच संचातल्या चित्रांवर तयार झालं. ती काढणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

‘विद्यार्थ्यासारखं शिकतं’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. यंत्राचं शिकणं असं असतं: चित्रात ठिपक्यांचा गोंधळ मिसळत ते पुसून टाकायचं, मग तो गोंधळ उलट कसा काढायचा याचा सराव करून घ्यायचा, कोट्यवधी चित्रांवर. मी शिकले ते रघुवीर मुळगावकरांची चित्रं समोर ठेवून. त्यांच्या चेहऱ्यांवरची तलम छटा स्प्रेची होती, माझ्याकडे साधा कुंचला. महिनोन्‌महिने गालावर डाग पडत राहिले. शेवटी छटेचा नाद सोडला आणि जाड रेषेत चेहरे काढू लागले. आज लोक माझी चित्रं त्या रेषेवरून ओळखतात. हात अडला म्हणून ती सापडली.

या चर्चेत कुणीतरी एकलव्याला आणतंच. पण विचारल्यावर एकलव्याने गुरूचं नाव सांगितलं होतं. इथे उलटं झालं. पोलंडचे चित्रकार ग्रेग रुटकोव्स्की यांचं नाव २०२२मध्ये लोकांनी ‘यांच्यासारखं चित्र दे’ म्हणत इतक्या वेळा यंत्राला सांगितलं, की त्यांच्या नावाने शोधलं तर त्यांनी न काढलेली चित्रं समोर येऊ लागली.

आता ‘कुणालाही चित्रकार होता येईल’. कधी येत नव्हतं? रांगोळीला कुणी परवाना मागितला नाही. वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. हातात बांबूची काडी असते, आणि त्या ‘काढतात’ म्हणत नाहीत, ‘लिहितात’ म्हणतात. हीच कला कागदावर आणणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. परवा एका लग्नपत्रिकेवर यंत्राचं ‘वारली’ चित्र पाहिलं. त्रिकोणी माणसं बरोबर होती. पण तारप्याची, म्हणजे भोपळ्यापासून केलेल्या फुंकून वाजवायच्या वाद्याची, बासरी झाली होती आणि नाचणाऱ्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला. तारपा नाचात तारपा वाजवणाऱ्याकडे कुणी पाठ करत नाही. ज्यांचं ते जगणं आहे त्यांच्यापैकी एकाला जरी पत्रिका दाखवली असती, तरी एका मिनिटात दुरुस्त झाली असती.

राहिली भीती. गाजलेल्या चित्रकारांना ती नसेलही. मला काळजी आहे विशी-बाविशीतल्या मुलांची. मला पहिलं काम एका दिवाळी अंकाने दिलं होतं, एका कथेसाठी तीन चित्रं. त्यातल्या बाईचा डावा हात मनगटाशी चुकला होता. संपादकांनी मला बोलावून घेतलं, स्वतःचा हात टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘याचं बघून काढ.’ तिथेच बसून मी तो पुन्हा काढला. गेल्या वर्षी त्याच अंकातून मला फोन आला. सगळी चित्रं एआयने केलेली होती. दोन चित्रांतल्या बोटांची संख्या चुकली होती, तेवढी नीट करून द्याल का, असं विचारत होते.